आडनावातच 'नाही', मग नाव काय ठेवायचं?

माझ्या नवऱ्याचं आडनाव वू. चीनमधल्या पहिल्या दहा आडनावांत ते बसतं, त्यामुळे लग्नाच्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. दिवस गेले आणि बाळाचं नाव शोधायला बसलो, तेव्हा त्यातली मेख कळली. मँडरिनमध्ये 'नाही', 'विना' अशा अर्थाचा एक शब्द आहे. लिहितात वेगळा, पण उच्चार अगदी तोच, वू, आणि सूरही तोच, खालून वर चढणारा. त्यात चिनी नावात आडनाव आधी. म्हणजे मुलीचं नाव हौसेनं 'सुंदर' ठेवावं, तर ऐकणाऱ्याच्या कानावर पडणार 'सौंदर्य नाही'. 'सद्गुणी' ठेवलं तर 'सद्गुण नाही'. जितका मोठा गुण, तितकी मोठी फजिती.

भरीत भर म्हणजे आम्ही राहतो ते शहर वूशी. जवळच्या डोंगरातलं कथील संपलं म्हणून 'वू-शी', म्हणजे 'कथील नाही', अशी तिथली लोककथा. नवरा म्हणतो, इथल्या माणसांना 'नाही' पचवायची जन्मापासून सवय असते.

मी सोलापूरची. आमच्याकडे नाव शोधायचं म्हणजे पुस्तक उघडायचं किंवा देवघराकडे बघायचं. कितीही नवं, कितीही जोडाक्षरी नाव काढलं तरी ते नाव आहे हे ऐकताक्षणी कळतं. चीनमध्ये नावांचा असा वेगळा साठाच नाही. शब्दकोशातलं कुठलंही एक अक्षर घ्या नाहीतर दोन घ्या, जोडा, झालं नाव. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यामुळेच घरातल्या प्रत्येकाला त्यावर बोलायचा हक्क पोचतो. वीचॅटवर आमचा घरचा गट होता. त्यात सासूसासरे, नवऱ्याचे काका, चुलतभाऊ आणि मी. सकाळी कुणी नाव टाकायचं आणि जेवायच्या वेळेपर्यंत कुणीतरी ते पाडायचं.

फॅशनची नावं पहिल्यांदा गेली. तिकडचं सार्वजनिक सुरक्षा मंत्रालय नव्या बाळांच्या नावांचा अहवाल काढतं. 2020 साली मुलींमध्ये पहिलं आलं यीनुओ, म्हणजे 'एक वचन', दिलेला शब्द न मोडणारी. 2021 साली रुओशी, त्यातल्या 'शी'त सांजवेळची भरती. दोन्ही नावं कानाला गोड. पण बालवाडीच्या दारात उभं राहून हाक मारली की चार पोरी वळतात, असं माझ्या चुलतजावेनं आधीच बजावून ठेवलं होतं. मुलींच्या नावात 'यू' हे बोलीचं, भाषेचं अक्षरही सध्या फार चालतं. आमच्या आडनावाला ते जोडलं की 'वू यू', म्हणजे 'काय बोलावं आता!' हल्लीची पोरं कपाळाला हात लावताना हेच म्हणतात. तेही गेलं.

मग सासरे मैदानात उतरले. ते शाळेत मास्तर होते. मुलीचं नाव 'शीजिंग'मधून आणि मुलाचं 'छूत्सी' या दुसऱ्या जुन्या काव्यसंग्रहातून काढावं, अशी तिकडे जुनी म्हण आहे. 'शीजिंग' म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुन्या तीनशे पाच कवितांचा संग्रह. त्यातलं नाव म्हणजे खानदानी. सासऱ्यांनी उदाहरण दिलं तू योउयोउ यांचं. 2015 साली मलेरियावरच्या औषधासाठी नोबेल मिळालेल्या बाई. त्यांच्या वडिलांनी नाव घेतलं ते 'शीजिंग'मधल्या हरणांच्या कवितेतून. 'योउ योउ' हा हरणांचा आवाज. त्याच कवितेत पुढे ही हरणं 'हाओ' नावाची रानवनस्पती खातात, आणि बाईंनी मलेरियाचं औषध काढलं ते 'छिंगहाओ'तून, त्याच कुळातल्या झाडातून! सासरे हे सांगताना इतके रंगात आले की मीही म्हटलं, आपण हरणंच घेऊ. 'लूमिंग', हरणाची साद. नवऱ्यानं शांतपणे आडनाव लावून म्हणून दाखवलं: वू लूमिंग. हरणाचा 'लू' आणि रस्त्याचा 'लू' एकाच सुरात. 'रस्ता नाही.' हरणं रानात परत गेली.

त्याच संग्रहातली आणखी दोन नावं मला मनापासून आवडली होती. एक 'छिंगयांग'. दवानं भिजलेल्या माळावर भेटलेल्या मुलीच्या टपोऱ्या, निर्मळ डोळ्यांचं वर्णन. दुसरं 'यीजिया', पीचच्या फुलांच्या कवितेतलं, घराला शोभणारी. गटावर टाकताच चुलतदिरानं दोन फोटो पाठवले. पहिला कोंडा घालवणाऱ्या शाम्पूच्या बाटलीचा, दुसरा निळ्यापिवळ्या फर्निचरच्या दुकानाचा. क्लिअर शाम्पूचं चिनी नाव छिंगयांग आणि आयकियाचं यीजिया. जाहिरातवाल्यांनी आमच्याआधी 'शीजिंग' वाचून ठेवलं होतं. सासरे दोन दिवस घुश्शात होते, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

सासऱ्यांना सोलापूर माहीत होतं ते डॉ. कोटणिसांमुळे. कोटणीस सोलापूरचे, 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. तिकडे त्यांना 'ख दीह्वा' म्हणतात. त्या डॉक्टरांच्या चिनी नावांत शेवटी मुद्दाम 'ह्वा' घातलेलं होतं, म्हणजे चीन. कोटणिसांच्या मुलाचं नाव 'इनह्वा', भारत आणि चीन. 1942 च्या डिसेंबरात डॉक्टर गेले तेव्हा तो तान्हा होता. तर सासऱ्यांचं म्हणणं, तुमच्या गावच्या डॉक्टरचं अक्षर आपल्या नातीला लावू. 'ह्वा'चा जुना अर्थ फूल, बहर. मला तर भरून आलं. सासूबाईंनी मात्र स्वयंपाकघरातून विचारलं, "वू ह्वा? बहर नाही?" सासरे म्हणाले, तसं नाही, 'वूह्वा' म्हणजे साधा, बडेजाव नसलेला, चांगलाच अर्थ आहे. सासूबाई म्हणाल्या, तो गुण म्हाताऱ्या मास्तरात बरा दिसतो, मुलीत नको.

इकडून माझी आई गप्प बसणार होती थोडीच? बाळ जन्मलं तेव्हाची वेळ तिनं दोनदा विचारून घेतली, भारतातली वेळ किती ते काढलं आणि गुरुजींकडे गेली. नक्षत्र निघालं आश्लेषा, अक्षर आलं 'डू'. मी नवऱ्याला सांगितलं, आमच्या गुरुजींनी 'डू' काढलंय, आता बसव. तो हसायला लागला. 'वू दू' म्हणजे बिनविषारी. रंगाच्या डब्यांवर छापलेलं असतं. आश्लेषा हे सर्पांचं नक्षत्र, हे मी त्याला सांगितल्यावर मात्र तो म्हणाला, मग तर ठेवायलाच हवं.

मी मनात एक गोष्ट धरून होते. आमच्याकडे आजीचं नाव नातीला ठेवतात. माझं स्वतःचं पाळण्यातलं नाव आजीचंच. म्हणून मी सुचवलं, सासूबाईंच्या नावातलं एक अक्षर घेऊ. सासऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वडीलधाऱ्यांच्या नावातलं अक्षर मुलाला देणं तिकडे बसत नाही. पोराला रागावताना आजीचं नाव घेऊन रागवायचं? जुन्या काळी तर राजाच्या नावातलं अक्षर साऱ्या देशाला वर्ज्य असायचं, लिहिताना त्याची एखादी रेघ गाळायचे. घराघरांतही तीच रीत. नवं नाव ठरवताना आधी बघायचं ते काय, तर वरच्या पिढ्यांत कुणाचं ते अक्षर आहे का.

सासूबाई मात्र वेगळंच म्हणाल्या. त्यांचं नाव जाओदी. 'जाओ' म्हणजे बोलावणं, 'दी' म्हणजे धाकटा भाऊ. लिहिताना त्या 'दी'ला डाव्या अंगाला स्त्रीचं चिन्ह जोडलेलं असतं, मुलीचं नाव आहे म्हणून तेवढी सोय. त्या तिसऱ्या. त्यांच्या आधी दोघी बहिणी, आणि आईवडिलांना मुलगा हवा होता. यांग्त्झीच्या खालच्या या मुलखात त्यांच्या वयाच्या बायकांत जाओदी, लाइदी, गन्दी ढिगानं सापडतात. मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येतील. तसलं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "माझं नाव लागू पडलं. मी बोलावलं आणि दोन वर्षांत तो आला. पण आता परत कुणाला बोलवायचंय? एकच लेकरू पुरे, दुसऱ्याला कोण सांभाळणार?"

मी त्यांना साताऱ्याच्या नकुशींबद्दल सांगितलं. नको असताना झालेल्या मुलींना नकुशी, नकोशी म्हणून ठेवायचे, शाळेच्या दाखल्यावरसुद्धा तेच. 2011 च्या ऑक्टोबरात जिल्हा प्रशासनानं समारंभ करून अशा 285 मुलींना नवी नावं दिली. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि लगेच विचारलं, "मग त्यांनी नावं कुठली घेतली?" मला पाचसहाच आठवत होती. ऐश्वर्या, वैशाली, सावित्री वगैरे. त्यांनी प्रत्येकाचा अर्थ विचारला. त्यानंतर थोड्या वेळानं, कुणी विचारलेलं नसताना, त्यांनी स्वतःचं एक नाव पुढे केलं. श्या.

श्या म्हणजे सूर्य उगवताना किंवा मावळताना ढगांवर चढते ती लाली. सासूबाई रेशमाच्या गिरणीत कामाला होत्या. त्यांच्या मागून कामाला लागलेल्या पोरींत दोनतीन श्या होत्या, शिकल्यासवरल्या घरातल्या. तेव्हापासून हे नाव त्यांच्या मनात होतं. पोटी मुलगा आला, मग राहूनच गेलं.

नवऱ्याचं पहिलं उत्तर, "हे मावशीचं नाव आहे." खोटं नव्हतं. चिनी नावावरून बाईचं वय बऱ्यापैकी सांगता येतं. श्यूयिंग आणि ग्वेयिंग म्हणजे आजीच्या पिढीच्या, ली आणि जिंग म्हणजे आता चाळिशी-पन्नाशीच्या, झिहान म्हणजे अजून शाळेत. श्या म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, बँकेच्या खिडकीमागे बसणारी. तो तसाच तणतणत बसला असता, पण सवयीनं त्यानं आडनाव लावून म्हणून पाहिलं आणि थांबला. वू श्या. 'श्या' नावाचं आणखी एक अक्षर आहे, त्याचा अर्थ जेड दगडावरचा डाग. 'वूश्या' म्हणजे जिच्यावर डाग नाही ती, निर्दोष. इतके महिने जे आडनाव प्रत्येक नावाची माती करत होतं, ते इथे पहिल्यांदा कामाला आलं.

उच्चाराच्या वाटेवर आणखीही दोघं उभे होतेच. 'वूश्या' म्हणजे 'सवड नाही' असाही शब्द आहे, सूर तोच. नवरा म्हणाला, आईवर जाणार. आणि सूर थोडा बदलला की 'वूश्या' म्हणजे तलवारी घेऊन छपरांवरून उड्या मारणाऱ्या वीरांच्या कथा. पासपोर्टवर सूर लिहीत नाहीत, त्यामुळे परदेशात ती कायम तलवारबाजच वाटणार. मला त्यात काही गैर दिसलं नाही.

गंमत म्हणजे हा सगळा गोंधळ सासूबाईंच्या कानाला कधी जाणवलाच नव्हता. त्या घरात वूशीची बोली बोलतात. त्या बोलीत 'नाही'ला 'वु' नाही, खालचा ओठ दातांत धरून 'व्हु' म्हणतात, आणि आडनावाचा उच्चार निराळा. म्हणजे बहर नाही, रस्ता नाही हे सगळे विनोद सरकारी मँडरिनमधले. 'वू ह्वा'वर त्यांनी घेतलेली हरकत ही शाळेत शिकलेल्या भाषेतली होती. आमच्या पणजेसासऱ्यांना हे नाव सांगितलं असतं तर त्यांना ना डाग आठवला असता, ना तलवार.

यापुढच्या परीक्षा भराभर झाल्या. जन्मवेळेवरून तिच्या पत्रिकेत पंचतत्त्वांपैकी पाणी कमी निघालं. (चिनी पंचतत्त्वं वेगळी: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी.) श्या लिहिताना वरच्या अंगाला 'पाऊस' हे चिन्ह येतं, तेव्हा पाण्याची सोय आपोआप झाली. मग रेघा मोजल्या. वूच्या सात, श्याच्या सतरा, बेरीज चोवीस, आणि चोवीस शुभ. सासूबाई या रेघांच्या गणिताला हजारो वर्षांचं शास्त्र मानतात. प्रत्यक्षात ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमधल्या कुमासाकी केनो नावाच्या गृहस्थांनी बसवलं आणि तिथून चीनमध्ये आलं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. निकाल आमच्या बाजूनं लागलेला असताना न्यायाधीशाची चौकशी कशाला करा? वरच्या पिढ्यांत श्या कुणी नाही, हे काकांनी गावाकडे फोन करून पक्कं केलं. सासऱ्यांना बायकी नाव म्हणून किंचित खटकत होतं, पण त्यांनाच आठवलं, वूशीच्या शेजारच्या जियांगयिनचा शू श्याखे, सतराव्या शतकातला मोठा प्रवासी, तीस वर्षं डोंगर-गुहा हिंडून रोजनिशी लिहिणारा. त्याच्याही नावात हाच श्या, 'लाल ढगांचा पाहुणा'. त्यांचं समाधान झालं.

नापास झालं ते सोलापुरात. आईला फोनवर सांगितलं, नाव ठरलं, श्या. ती म्हणाली, "श्या! असलं कसलं गं नाव?" नाव आणि शेरा दोन्ही एकाच शब्दात. अर्थ सांगितल्यावर ती विरघळली. "पहाटेची लाली म्हणजे आपली उषा की." झालं, तिच्यापुरता प्रश्न मिटला.

कागदपत्रांचं काम त्यामानानं किरकोळ. दवाखान्यातून जन्माचा दाखला मिळतो, त्यात नाव आधीच भरावं लागतं. एकदा छापून निघालं की बदलायचं म्हणजे मोठी यातायात, म्हणून नवऱ्यानं अक्षर मोठ्ठं करून कागदावर लिहून नेलं. माझं नाव तिथे पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत, त्यामुळे चिनी अक्षरांच्या त्या कागदावर मीच पाहुणी. मग महिन्याच्या आत पोलीस चौकीत जाऊन कुटुंबाच्या नोंदवहीत, म्हणजे हुकोउत, नाव चढवायचं. बाळंतिणीनं महिनाभर उंबरठा ओलांडायचा नाही हा सासूबाईंचा नियम, त्यामुळे गेले बापलेक. तिथली बाई संगणकावर 'श्या' उमटवते तेव्हा त्या उच्चाराच्या अक्षरांची रांग उभी राहते. खाली, उन्हाळा, घाबरवणं, आंधळं, कोळंबी, सगळे श्या. म्हणून तिकडे नाव सांगताना फोड करून सांगतात. "तोंडाखाली आकाश, तो वू. पहाटेच्या ढगांतली, ती श्या." सोपं अक्षर होतं, म्हणून पटकन सापडलं. 2013 साली सरकारनं 8105 अक्षरांची प्रमाण यादी काढली. तिच्याबाहेरचं अक्षर हौसेनं घेतलेल्यांची पुढे ओळखपत्रापासून विमानाच्या तिकिटापर्यंत कुठे कुठे अडते, याच्या कहाण्या त्या बाईनंच ऐकवल्या.

आडनावाचा घोळ आम्ही घातला नाही. कायद्यानं बापाचं किंवा आईचं, कुठलंही चालतं. माझं लांबलचक आडनाव चिनी अक्षरांत बसवायचं तर पाच खोल्या लागल्या असत्या. जिनानमध्ये 2009 साली एका जोडप्यानं दोघांचीही आडनावं बाजूला ठेवून मुलीचं नाव 'बेइयान युनयी' असं काव्यमय रचलं, चौकीनं नोंद नाकारली, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2015 साली आईबाप हरले. आपल्याला कवितेतलं नाव मिळेल, पण कवितेतलं आडनाव मिळत नाही.

नाव ठरवायला इतका घाम गाळला, आणि ते वापरतं कोण? घरात कुणीच नाही. घरात ती तांगयुआन, म्हणजे तीळ भरलेला तांदळाच्या पिठाचा उकडलेला गोळा. जन्मली तेव्हा तशीच दिसत होती. दूधनाव, म्हणजे घरातलं लाडाचं नाव, बऱ्याचदा असं काहीतरी खाण्याचंच ठेवतात. हुकोउच्या वहीत 'पूर्वीचं नाव' असा रकाना आहे, पण दूधनावाला तिथेही जागा नाही. आणि मी? इमारतीतल्या साऱ्या बायकांसाठी मी 'तांगयुआन-मामा', तांगयुआनची आई. नुसतं 'श्या' म्हणून तिला कधीच कुणी हाक मारणार नाही. एकअक्षरी नाव एकटं उच्चारणं फार सलगीचं होतं, जोडीदारानं एकांतात म्हणावं असं. बाकी जगासाठी ती आडनावासकट, 'वू श्या'. लसीकरणाला गेलो की ध्वनिक्षेपकावर तेच नाव, बालवाडीत तेच, आणि मैत्रिणीही तेच म्हणतील. ज्या मुलींचं नाव दोन अक्षरी असतं त्यांना मैत्रिणी नुसत्या नावानं हाक मारतात. आईनं आडनावासकट तिन्ही अक्षरं खणकावली की समजायचं, आज धडगत नाही. आमच्याकडे ती सोयच उरली नाही. प्रेमानं हाक मारली तरी वू श्या, रागानं मारली तरी वू श्या.

बारसं आम्ही व्हिडिओ कॉलवर केलं. कानात नाव सांगायला आत्या हवी. नवरा एकुलता एक, त्याच्या पिढीत बहुतेक सगळेच एकुलते एक, आत्या आणायची कुठून? शेवटी जावेलाच आत्या केलं. आईनं पलीकडून पाळणा म्हटला, जावेनं तांगयुआनच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि मला विचारलं, हाही नावाचाच भाग का? मग 'उषा' म्हणाली, तिच्या तोंडात ते 'वूशा' झालं.

त्या 'उषा'चा उपयोग मला नंतर कळला. मिरचीच्या डब्याकडे लेकीचा हात गेला की माझ्या तोंडून निघतं "उषेऽऽ!" आणि ती हात मागे घेते. तांगयुआन म्हटलं की खाऊ, वू श्या म्हटलं की लस, आणि उषे म्हटलं की पळायचं, असा तिचा हिशोब झालाय. परवा सासूबाई गॅसवर तेल तापवत होत्या आणि ही रांगत त्यांच्या पायाशी गेली. त्यांनी झारा उगारून, अस्सल वूशीच्या ठसक्यात, हाळी दिली: "वूशेऽऽ!"